हत्ती उचलला की कॉम्प्युटर बंद!

नाही, पण मला सांगा, सुट्टीच्या दिवशी माणसानं जेवून जरा आडवं व्हायचं म्हटलं तर त्यात काही पाप आहे का? पोट भरलेलं, पंखा चालू, डोळा लागतोय न लागतोय… आणि बाहेरच्या खोलीतून आरोळी, "गेला!" मी धडपडत उठलो, म्हटलं कोण गेलं? तर कॉम्प्युटर!

तुम्हाला सांगतो, आमच्या सासूबाई म्हणजे साधंसुधं प्रकरण नाही. आयुष्यभर हेडनर्स. त्यांच्या वॉर्डात शिरताना म्हणे डॉक्टरसुद्धा चपलांचा आवाज करत नसत. निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आल्या आणि बुद्धिबळाचा नाद लागला. खेळायचं कोणाशी, तर आपल्या धाकट्या दिरांशी. ते दुसऱ्या गावात, या इथं, मधे कॉम्प्युटर. रोज दुपारी डाव. आणि डाव ऐन रंगात आला, सासूबाईंनी हत्ती उचलला, की… फुस्स! स्क्रीन काळा. लगेच फोन. "काय वहिनी, हरायला आलं की बरा बंद पडतो हो तुमचा कॉम्प्युटर!"

झालं! अहो, त्या बाईला आयुष्यात कोणी पळपुटी म्हटलं नव्हतं! फोन ठेवला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "जावईबापू, याला नक्की काय झालंय ते शोधायचं."

मी म्हटलं, "आई, व्हायरस असणार." आपल्याला काय, काहीही बिघडलं की व्हायरस! सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकलं. दुसऱ्या दिवशी हत्ती उचलला… फुस्स. दुकानदाराला फोन लावला, तर तो जांभई देत म्हणतो, "जुना झाला साहेब, नवीन घ्या." सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "तपासल्याशिवाय? असं तुम्ही घरच्या माणसांचं पण करता का हो?" तिकडची जांभई अर्ध्यात थांबली, शपथेवर सांगतो!

मग कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं. मला आतलं काय कळतंय? मला नुसती धूळ दिसली. सासूबाईंना तरी कुठं कळत होतं! पण त्या इंटरनेटवर वाचायच्या, चष्मा सरसावून आत बघायच्या आणि एकच मंत्र: "एका वेळी एकच!" म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग डाव मांडायचा, मग बघायचं.

धूळ झाडली. बंद पडला. "ठीक. धूळ नव्हे." एक रॅम, म्हणजे ती मेमरीची पट्टी, काढली, बंद पडला. ती लावून दुसरी काढली, तरी बंद पडला. "ठीक. रॅम नव्हे." आता यात ठीक काय आहे, सांगा ना! पण चेहऱ्यावर समाधान असं, की जणू पेशंटनं पेज मागितली! उकाड्यानं होत असेल म्हणून पंखा आणून कॅबिनेटवर रोखला. कोणता पंखा? माझा! मी घामानं निथळतोय आणि तो डबा हवा खातोय. तरी बंद पडलाच. "ठीक. उष्णता नव्हे." ग्राफिक कार्ड काढलं. तेही नव्हे.

शेवटी मला राहवेना. त्या भाजी आणायला गेल्या आणि मी काय केलं, वायर बदलली, रॅम उपसून परत खोचल्या, आतली ती बटणाएवढी बॅटरीही बदलून टाकली. सुरू केला… आणि चालला की हो! मी छाती काढून उभा. त्या आल्या, बघितलं. "कशानं चालला?" मी वायरकडे बघितलं. "वायरनं, रॅमनं की बॅटरीनं?" मी बॅटरीकडे बघितलं. "एका वेळी एकच म्हटलं होतं ना जावईबापू?" आतून बायको म्हणते, "अहो, आईचं ऐकायला काय होतं तुम्हाला?" मी म्हटलं, पण चाललाय ना… फुस्स! माझं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही मेल्यानं!

मग राहिला पॉवर सप्लाय, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा. वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढणाऱ्या एक बाई राहतात, त्यांच्या कॉम्प्युटरचा मागून आणला, बसवला. हत्ती उचलला. चालू! वजीर उचलला. चालू! अख्खी दुपार चालू! मी पेढे आणायला चपला घालतोय, तर मागून हुकूम, "आता जुना परत लावा." अहो, का? बरं झालेल्या पेशंटला पुन्हा आजारी कोण पाडतं? "खात्री नको का? कदाचित आपोआपच बरा झाला असेल." लावला जुना. सगळे श्वास रोखून. हत्ती उचलला… फुस्स! आणि तुम्हाला सांगतो, ती हेडनर्स टाळ्या पिटत उठली. "बंद पडला! बंद पडला!" कॉम्प्युटर बंद पडला म्हणून नाचणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. आणि खरं सांगू? माझ्या अंगावर काटा आला. मी असतो तर चालला तिथंच थांबलो असतो, आणि जन्मभर मला कळलं नसतं की का चालला.

नवा पॉवर सप्लाय आला. दिरांना फोन गेला, "या, बसा समोर." डाव सुरू. हत्ती, घोडा, वजीर… कॉम्प्युटर ढिम्म हलला नाही. आणि सासूबाई हरल्या. सपशेल! आम्ही नवरा-बायको एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय, म्हटलं, आता काही खरं नाही! त्यांनी फोन उचलला. "भाऊजी, घोडा काय सुरेख टाकलात हो!" आणि माझ्याकडे वळून, हसत, "यंत्रात दोष नाही जावईबापू. म्हणजे आता उरले मी. सराव पाहिजे."

सराव कोणाबरोबर? माझ्याबरोबर! तेव्हापासून दर सुट्टीच्या दुपारी मी समोर, मधे पट, आणि दर वेळी मीच हरतोय… आणि हरायला आलं की कॉम्प्युटरला निदान बंद तरी पडता यायचं हो, मला तेही जमत नाही!