माहेरच्या पाकिटावरचं नाव

मंडळी, तुम्ही सगळे कामं सोडून आलात. मला सभेत बोलायची सवय नाही, भांडायची आहे. आज दोन्ही जमेना.

गोदाआत्या माझ्या वडिलांची बहीण. चार दिवसांपूर्वी तापात गेली. उद्या पंचायतीचं मतदान. आत्या, एवढं तरी थांबायचं होतंस.

मागच्या वेळी काय झालं, तुम्हाला ठाऊक आहे. बाई शाळेतल्या बूथवर गेली. साहेबानं नवऱ्याचं नाव विचारलं. आपल्यात बाई ते नाव घेत नाही. मागून कुणीतरी म्हणालं, मी सांगतो. नाव त्यानं सांगितलं, मतपत्रिका त्यानं घेतली, शिक्काही त्यानंच मारला. बाई बोटाला शाई लावून घरी. अशा किती बाया? किती?

आत्यानं तोड काढली. माहेरच्या पत्रावर नवऱ्याचं नाव असतंच की. तोंडानं घेऊ नका, पाकीट दाखवा. अकरा बायांनी आपली पाकिटं तिच्याकडं ठेवली. घरी कुणी फाडली असती.

मी तिला म्हणालो, ही शिक्के मारणारी माणसं डोकं फोडतील. विद्यापीठाच्या नामांतरापायी घरं पेटलेली आपण पाहिलीत. तर म्हणाली, "पोरीवर जीव जडला म्हून कॉलेज सोडून आलास, तवा न्हाई भ्यालास. आता अकरा बायांसंगं शाळेपर्यंत चालायला भ्यायलास व्हय?"

त्या पोरीचं नाव इथं कुणी काढू नका. ती लग्न होऊन गेली. तिकडं तिचं मत तीच टाकते का, एवढंच माझ्या डोक्यात फिरायलंय.

आज इकडं येताना दोघांनी मला पारापाशी अडवलं. पाकिटं आमच्याकडं दे, म्हणाले. शांतपणे म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर मीही दिल्या असत्या. त्या शांतपणाची भीती वाटली. अजून वाटायलीय. ते दोघं इथंच बसलेत. मी तिकडं बघत नाही.

आत्याकडची पाकिटं आता माझ्या खिशात आहेत. माझ्याकडं राहिली तर सकाळपर्यंत माझा धीर टिकेल, याची मलाच खात्री नाही. म्हणून आत्ता देतो. सगळ्यांसमोर.

मी नावं पुकारणार नाही. पाकिटं आत्याच्या फोटोपुढं ठेवतो. भावाचं अक्षर जिचं तिला कळतं.

आता सगळे उभे राहू. दोन मिनिटं नाही. शेवटची बाई आपलं पाकीट उचलून जागेवर जाईपर्यंत. तोवर कुणी बोलू नका. कुणी बसू नका.