वॉलेटमध्ये आलेलं फुकटचं चित्र

क्रिप्टोचं नाव काढू नका माझ्यापुढे. माझी बहीण चिंचणीला सुकी मासळी विकते. तिच्या नवऱ्याच्या मोबाइलवरच्या क्रिप्टो वॉलेटमध्ये एकदा कुणा अनोळखी माणसाने फुकट एनएफटी टाकलं, म्हणजे नुसतं एक चित्र. लगेच त्याचा मला फोन आला, “दादा, विकायची लिंक पण हाय. विकू?”

“असली चित्रं चोर पाठवतात. हात लावू नको.”

“तुमाला आमचा चांगला बघवत नाय,” म्हणून त्याने फोन ठेवला. मग लिंक उघडून तिथे मागितलेली वॉलेट वापरायची परवानगी दिली आणि अख्खं वॉलेट रिकामं झालं.

दुसऱ्या दिवशी मी चिंचणीला गेलो. बहीण वाळलेले बोंबील काढत होती. म्हटलं, “मी त्याला बजावलं होतं गं.”

मान वर न करता ती म्हणाली, “त्याला कशाला? पैसे माजे होते. मला एकानं पण विचारला नाय.”