द्वोरझाक कुणाच्या घरी थांबला होता

– नाही नाही, त्या खुर्चीवर नको, ती डुगडुगते. इथे बस, खिडकीपाशी, म्हणजे समोरचं घर नीट दिसेल. दिसलं ना? फाटकाच्या खांबावर पांढरं फडकं बांधलंय, त्याच्याखाली पाटी आहे. शनिवारी महोत्सव सुरू व्हायच्या आधी नगराध्यक्ष ते फडकं ओढणार आणि सगळं गाव वाचणार – ‘थोर संगीतकार आंतोनिन द्वोरझाक या घरी विसावले होते.’ ब्लांकाच्या घरी! मला कसं कळलं? अगं, पाटी बसवायला माणूस आला तेव्हा मी नेमकी पडदे धुवायला काढत होते. बघायला जात नाही मी कुणाकडे, दिसतं. तू परवा तिच्याकडे चार तास बसलीस, काल साडेपाच, हेही दिसलंच. महोत्सवाला तीस वर्षं झाली म्हणून पुस्तक लिहितेयस ना त्याचं? आणि माझ्याकडे कधी आलीस, तर आज, गाडीला वेळ उरला म्हणून. असू दे, बाळ, तुझी काय चूक! कॉफी घे, गाळ खाली बसू दे आधी. आणि त्या सपाता घाल पायात, फरशी गार आहे.

काय सांगितलं तिनं तुला? थांब, मीच सांगते. गाडीचा आस तापला, गाडी आमच्या स्टेशनात दोन तास खोळंबली, द्वोरझाक पाय मोकळे करायला गावात आला, एका घराच्या छपरावर कबुतरं दिसली – कबुतरांचा वेडाच तो – आणि त्या घरच्या बाईनं त्याला कबुतरं दाखवली, आलुबुखाराच्या मुरांब्याचे गरम गरम बन खाऊ घातले. बरोबर? आणि ती बाई म्हणजे ब्लांकाच्या नवऱ्याची आजी, असं ना? वाटलंच मला! अगं, ती म्हातारी मी पाहिलीय, कबुतरांना दगड मारायची ती, आणि पाहुण्याला पाणीसुद्धा विचारायची नाही. ती बाई माझी आजी होती. एकोणतीस वर्षं माझीच होती. दरवर्षी पहिल्या संध्याकाळी पहिला वादक मंचावर आला, की बनांचं ताट घेऊन मी वर जायची, आजीच्या नावानं, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. तुझ्यासारखं शिक्षण नाही माझं, आठवीनंतर पोस्टात शिक्के मारले – पण त्या मंचावर मी कुणीतरी होते बघ.

या वर्षी मला साधं बोलावणंही नाही. विचारायला गेले तर ब्लांका फाटकातच म्हणते, ‘मिलादा, तुझ्या घराचं प्लास्टर पडलंय गं, या वर्षी टीव्हीवाले येणार, बरं दिसत नाही. आणि शेवटी गोष्टच आहे ना, कुणाची का असेना.’ गोष्टच आहे ना! असं बोलली मला. माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझ्या उशाशी बसलेली बाई!

पुरावा? ती सांगते ती तिच्या घरची, मी सांगते ती माझ्या घरची, मग तू कुणाचं लिहायचं – बरोबर आहे तुझं. पण माझ्याकडे पुरावा आहे. चौऱ्याहत्तर साली ब्लांका इथे शाळेत गाणं शिकवायची, एकटी पोर, ना आगा ना पिछा. उन्हाळ्यात द्वोरझाकचा महोत्सव करायचा ध्यास घेतला होता तिनं. जिल्ह्याचा साहेब म्हणाला, ‘तुमच्या गावाचा त्याच्याशी संबंध काय? तो इथे जन्मला, वारला, की नुसता शिंकला? त्यापेक्षा ॲकॉर्डियनच्या स्पर्धा घ्या.’ इथेच, या टेबलावर डोकं ठेवून रडली ती. मला बघवेना. मी कणीक मळत होते, हात पिठात, आणि तसंच बोलत गेले – समज, गाडी बंद पडली. समज, आमच्या आजीकडे कबुतरं होती... ती रडता रडता हसायला लागली, हसता हसता लिहायला लागली. आठवड्यात साहेबाची सही झाली कागदावर. माझी गोष्ट आहे ती! माझ्या डोक्यातून निघालेली! खोटं वाटतं? मग ऐक, त्यातली चूकसुद्धा माझीच आहे. द्वोरझाक रेल्वेवेडाही होता हे शाळेत वाचलेलं, म्हणून मी त्यात गाडी घातली. आणि आमच्या गावात रेल्वे आली एकोणीसशे सहा साली, तो तर एकोणीसशे चार सालीच वारला! स्टेशनच्या दारावर साल कोरलंय, रोज अख्खं गाव त्याच्याखालून जातं, मान वर करून कुणी बघितलं नाही. मी बघितलं, पुढच्या वर्षी. जीभ चावली आणि गप्प बसले. ब्लांकाला अजून पत्ता नाही. आता सांग, कुणाची आजी?

...लिहायचं का थांबलीस?

अगं, असं काय बघतेस? म्हणजे, आजी होतीच की माझी. बनही करायची.

हे छापणार तू? नाही, थांब. शनिवारी दोनशे वादक येताहेत, प्राग-व्हिएन्नाहून माणसं येताहेत, गावातल्या दोन मुलांची लग्नं जमली या महोत्सवात. आणि ब्लांका – तिला दुसरं आहे काय? नवरा गेला, लेक ऑस्ट्रेलियात. हा एवढाच तिचा संसार. छापून आलं तर तोंड कुठे लपवेल ती? मला बोलली ती, बोलली. मी नाही तिला रस्त्यावर आणणार.

घे पेन. लिही – द्वोरझाक ब्लांकाकडे थांबला. हो, तिच्या नवऱ्याच्या आजीकडे. फार प्रेमळ होती म्हातारी, कबुतरांवर जीव तिचा, हेही लिही. शेजारच्या मिलादाबाईंनी दुजोरा दिला म्हणून लिही. रेल्वे नव्हती तर तो कशानं आला, ते तू बघ, लिही म्हणते ना!

आणि मघाचं ते पान फाडून इकडे दे. दुसरंही. हं.

नीघ आता. कॉफी राहू दे, गार झालीय.