कोपरं टेकायचे दांडे

बळीराम : हात तं लावून पाह्य आधी. मंग बोल.

प्रेमिला : लावला ना बाबा. पण हँडलच्या पुढं हे दोन दांडे कायले? म्हशीची शिंगं लावल्यासारखी दिसून राहिली माझी रेसर सायकल.

बळीराम : शिंगं नाहीत वं. कोपरं टेकाले हायेत. हा फोटो पाय. सायकल क्लबाच्या कृष्णकांत साहेबानं मॅगझिन देल्लं होतं ना, त्यातला. यंदा जुलैत तिकडं फ्रान्सात शर्यत झाली, त्यात एका गड्यानं असेच लावले होते. कोपरं या खोलगट पत्र्यात ठेवाचे, हात पुढं जोडाचे, छाती खाली. हवा दोन्ही बाजूनं निसटून जाते. छातीवर बसत नाही.

प्रेमिला : आणि हा पत्रा कुठला?

बळीराम : गंजाचा.

प्रेमिला : आईच्या?

बळीराम : चेपला होता तो.

प्रेमिला : काल त्यात वरण शिजलं बाबा.

बळीराम : आता नाही शिजत. तू सीटवर बस, मी मागून धरतो.

प्रेमिला : इथं नको. दुकानासमोर भाजीवाल्या बाया पाहून राहिल्या.

बळीराम : पाहू दे. वीस वर्सं झाली या जरीपटक्यात पंक्चर काढून राहिलो, कोणी मान वर करून पाह्यलं नाही. गेल्या साली अमरावतीले तुहा नंबर कितवा आला?

प्रेमिला : तुम्हाला माहीत आहे.

बळीराम : मले माहीत हाय. तुह्या तोंडून आयकू दे.

प्रेमिला : तिसरा. चौदा सेकंदांनी.

बळीराम : अन् नॅशनलले किती पोरी जातात?

प्रेमिला : दोन.

बळीराम : मंग? नॅशनलचं सर्टिफिकेट हातात आलं का खेळाडूच्या कोट्यातून रेल्वेत अर्ज टाकता येते. नाहीतर आहेच तुहा सीताबर्डीचा वकील. रोजावर टाइप करत बस त्याचे कागद.

प्रेमिला : ब्रेक कुठं आहे?

बळीराम : जिथं होता तिथंच. जुन्या हँडलवर.

प्रेमिला : आणि माझे हात इथं, एवढे पुढं.

बळीराम : टाइम-ट्रायल हाय ते. एकेकीले एक-एक मिनिटानं सोडतात. पुढं कोणी नाही, मागं कोणी नाही. घड्याळासंगं पळाचं. ब्रेक कायले लागते त्यात?

प्रेमिला : यंदाची शर्यत काटोल रोडवर आहे. तिथं नाही लागत?

बळीराम : असं कर. या रविवारी बिना दांड्याची चालव, पुढच्या रविवारी दांडे लावून. तोच रस्ता, तेच वीस किलोमीटर. रुपरावची लूना मागून आणतो, गोरेवाड्याच्या नाक्यावर घड्याळ घेऊन उभा राहतो. मंग घड्याळ सांगन ते खरं. आहे कबूल?

प्रेमिला : कबूल. हे कोपर कसं सोललं तुमचं?

बळीराम : ग्राइंडर लागला.

*

प्रेमिला : किती झाले?

बळीराम : आधी पाणी पे.

प्रेमिला : बाबा, किती?

बळीराम : मागच्या रविवारी, बिना दांड्याची, तेहतीस चाळीस. आज बत्तीस अठ्ठेचाळीस. बावन्न सेकंद, प्रेमा! मी दोन डाव पाह्यलं, घड्याळ बंद तं नाही पडलं म्हणून. अमरावतीले पुढं गेलेल्या दोन्ही पोरी मागं राहतात आता.

प्रेमिला : मी एकदा रस्त्याच्या खाली गेली होती.

बळीराम : खाली म्हणजे?

प्रेमिला : फेटरी गावाजवळ बकऱ्या आडव्या आल्या. माझी मान खाली. तसं बसल्यावर समोरची पांढरी पट्टी दिसते फक्त, रस्ता दिसत नाही. बकऱ्यावाली बाई ओरडली तेव्हा वर पाहिलं. हात ब्रेककडे न्यायला गेली तर पुढचं चाक डोललं. गिट्टीत उतरली सायकल. पडली नाही मी. एवढंच.

बळीराम : बकरीले लागलं?

प्रेमिला : नाही.

बळीराम : अन् तुले?

प्रेमिला : नाही म्हटलं ना.

बळीराम : तरी बावन्न सेकंद?

प्रेमिला : तरी. बाबा, एक विचारू? ग्राइंडर कोपराच्या मागच्या बाजूला कसा लागतो?

बळीराम : लागते. कसाही लागते.

प्रेमिला : खरं सांगा. तुम्ही चालवून पाहिली होती ना ही?

बळीराम : बुधवारी. तुले दाखवाच्या आधी. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मानकापूरपर्यंत गेलो, म्हटलं बसते कशी ते तं पाहू. कुत्रं मधात आलं.

प्रेमिला : पडलात?

बळीराम : पडलो.

प्रेमिला : आणि मग मला बसवलं यावर.

बळीराम : माह्या वयाकडं पाय ना. अठ्ठावन्न सरले. अंगात तोल राह्यला नाही आता. मले वाटलं माह्यामुळं पडलो, दांड्यामुळं नाही.

प्रेमिला : वाटलं, का वाटून घेतलं?

बळीराम : अमरावतीहून आली तेव्हा तू जेवली नव्हती. ताट तसंच सरकवलं अन् कपडे धुवाले बसली. रात्रीचे कपडे कोणी धुते का? तेव्हापासून मले ते चौदा सेकंदच दिसून राहिले होते. दुसरं काही दिसत नव्हतं.

प्रेमिला : आईला माहीत आहे?

बळीराम : तिले गंजाचंच सांगतलं नाही अजून. आण तो पाना इकडं. इथंच काढून टाकतो.

प्रेमिला : राहू द्या.

बळीराम : काहून?

प्रेमिला : आता मला समजलं ना, धोका कुठं आहे ते. मान वर ठेवीन. गाव आलं की हात जुन्या हँडलवर घेईन.

बळीराम : अन् दम लागल्यावर? मान आपोआप खाली जाते वं. मले दिसत नाही का तू कशी चालवते ते?

प्रेमिला : बाबा, आधी तुम्हाला चौदा दिसून राहिले होते. आता मला बावन्न दिसून राहिले. राहू द्या दांडे.

*

(शर्यतीची सकाळ. नाक्यावर मांडव, त्याखाली एक टेबल आणि नावनोंदणीचे कागद.)

कृष्णकांत : अरे वा, बळीरामजी! हे तर आमच्या मॅगझिनमधलं. हुबेहूब केलंत हो. मी पुस्तक चाळून पाहिलं, नियमात याच्याबद्दल एक ओळसुद्धा नाही.

प्रेमिला : म्हणजे चालेल ना सर?

कृष्णकांत : माझी हरकत नाही. मनाई नाही म्हणजे चालेल. तुमचा नंबर सतरा, सात वाजून सतरा मिनिटांनी सुटायचं. बळीरामजी, तेवढी इथं सही करा.

बळीराम : काय लिहिलं आहे?

कृष्णकांत : 'सायकल मी स्वतः तपासली असून ती धावण्यास सुरक्षित आहे.' खाली मेकॅनिकचं नाव. तुमचंच टाकलंय.

बळीराम : आणखीन एक डाव वाचा.

कृष्णकांत : अहो, रिवाज म्हणून असतं ते. सगळे न वाचताच करतात.

बळीराम : मी आयकलं ना पण.

प्रेमिला : बाबा.

बळीराम : माह्यानं नाही होत.

प्रेमिला : बाबा, दहा मिनिटं राहिली. हे तुम्हीच बनवले ना?

बळीराम : म्हणूनच नाही होत.

प्रेमिला : मी बावीस वर्षांची आहे. पडली तर मी पडीन, दुसरं कोणी नाही.

बळीराम : तू पडशीन. अन् कागदावर सही माही राहीन, सुरक्षित म्हणून. मंग तो कागद मी कुठं ठेवू?

प्रेमिला : सर, माझी सही चालते का?

कृष्णकांत : स्वतःच्या सायकलवर स्वतःची नाही चालत. मेकॅनिकचीच लागते. ते तिकडे यवतमाळच्या टीमबरोबर एक जण आलाय, हवं तर त्याला विचारा. तो करून देईल.

बळीराम : विचार. मी आडवत नाही तुले.

प्रेमिला : तो पाहील तरी का सायकल?

कृष्णकांत : पाहायची काय गरज? सही करेल.

प्रेमिला : किती बोल्ट आहेत?

बळीराम : चार.

प्रेमिला : काढा मग. लवकर काढा, आणि माझ्याशी बोलू नका आता.

*

कृष्णकांत : तेहतीस एकोणतीस. तुम्ही सांगितलेला बिनादांड्यांचा वेळ तिनं सुधारला बळीरामजी, अकरा सेकंदांनी. पण तिसरीच आली.

बळीराम : दुसरीच्या किती मागं?

कृष्णकांत : सहा सेकंद.

बळीराम : सहा.

कृष्णकांत : मलाही वाईट वाटलं. आणि रस्ता काय सुरेख मिळाला होता यंदा! पोलिसांनी दोन्ही बाजूंनी अडवून धरलेला. मी जीपमधून शेवटपर्यंत तिच्या मागेच होतो. वीस किलोमीटरमध्ये एक कुत्रं आडवं आलं नाही.

बळीराम : एकही नाही?

कृष्णकांत : पाखरू नाही हो. पंधरा वर्षं शर्यती घेतोय, असा रिकामा रस्ता पाहिला नव्हता. ती बघा, आलीच. मी जरा बक्षिसांचं पाहतो.

प्रेमिला : कळलं ना?

बळीराम : कळलं. स्वेटर घाल, घामावर हवा लागन.

प्रेमिला : घालते.

बळीराम : प्रेमा, मी ती सही…

प्रेमिला : बाबा, रस्त्यात एक गाय आली होती.

बळीराम : कुठं?

प्रेमिला : परतताना. चौदाव्या किलोमीटरच्या दगडापाशी. एकदम मधात येऊन उभी राहिली. ब्रेक हाताखालीच होता म्हणून थांबता आलं. दांडे असते तर गेलीच असती मी तिच्या अंगावर.

बळीराम : कोणत्या रंगाची होती?

प्रेमिला : तांबडी. मागं वासरू होतं तिच्या.

बळीराम : हं. वासरू असलं का थांबाच लागते.