उजवा पाय आधी

लग्नानंतर आम्ही पहिल्यांदाच मुर्ध्याला मावससासूबाईंकडे जेवायला गेलो, तेव्हाचं सांगते. नवरा गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी, सासूबाई मागे. नवऱ्याने दारासमोर भर रस्त्यातच गाडी थांबवली आणि सासूबाई म्हणाल्या, "नवी सून आहेस, उजवा पाय आधी टाक हं!"

डावीकडच्या सीटवरून उजवा पाय आधी काढून बघा एकदा! मी पायाकडे बघत दार उघडलं आणि धाडकन एक सायकल त्यावर आदळली. सायकलवाले आजोबा रस्त्यावर आडवे. कोपरातून रक्त येत होतं.

"आजोबा, बघून चालवायची ना!" नवरा आतूनच ओरडला.

माणसं जमली. "गलती किसकी है?" कोणीतरी दरडावलं.

मी म्हणाले, "दार मी उघडलं. न बघता."

नवऱ्याने गर्रकन वळून पाहिलं. मागून सासूबाई पुटपुटल्या, "पायाचं मीच सांगितलं तिला."

मग नवराही नरमला. "गाडी मीच मध्ये थांबवली."

"चूक मंग वाटून घ्या," खालून आजोबा कण्हले, "आदी मना उठवा तरी!"

मी उडीच मारली. कुठला पाय आधी पडला, देव जाणे.