चढवून सांगितलेलं दुखणं

(अमरावती, राजापेठ. दवाखान्यातला बाक. परतवाड्याहून आलेला भाजीवाला गोवर्धन, त्याची बायको तानुबाई आणि अकोल्याला दिलेली त्यांची लेक रागिणी.)

तानुबाई : मी भरती होत नाही. पिशवी काढाले मी हो म्हटलंच नाही.

गोवर्धन : आता कावून अडून राहिली? येवढे मोठे डाक्टर. त्यायनं सांगितलं, गर्भपिशवी काढून टाका, मोकळ्या व्हा.

रागिणी : पण बाबा, अकोल्याच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आधी गोळ्या घेऊन पाहा. काढायची घाई नको.

गोवर्धन : एक म्हनते काढा, एक म्हनते ठेवा. मंग भरवसा कोनावर ठेवाचा? मी त मोठ्यावर ठेवतो.

तानुबाई : मोठेपन राहू द्या. तुमी इथं डाक्टरले काय सांगितलं? मी बाजूलेच बसली होती.

गोवर्धन : जे आहे तेच.

तानुबाई : दोन वर्सापासून अंगावरून जाते म्हने. दिवाळीपासूनचं आहे ते. साऱ्या गोळ्या खाऊन झाल्या म्हने. म्या एक गोळी खाल्ली नाही.

गोवर्धन : थोडं चढवून सांगा लागते वं. नाही त कोनी ध्यान देत नाही.

तानुबाई : वांग्याचा भाव आहे का तो? गिऱ्हाईक उतरवून तरी मागते. डाक्टर काही उतरवत नाही, सरळ कापते.

रागिणी : म्हणूनच दोन्ही डॉक्टरांचं जुळत नाही, बाबा. मॅडमनी आईलाच विचारलं.

गोवर्धन : अन् मले बाहेर काढलं. नवऱ्याले बाहेर बसवनारी कसली डाक्टरीन?

तानुबाई : तवाच त मले बोलता आलं. इथं तुमच्यापुढं लाज वाटली, चूप राहिली. आता नाही राहत.

गोवर्धन : म्हंजे अकोल्याचं खरं, इथलं खोटं?

तानुबाई : तसं म्या म्हटलं नाही. हा डाक्टर तुमच्या सांगन्यावर बोलला. आता माह्या सांगन्यावर बोलू द्या. मंग ठरवीन, कोनाचं आयकाचं ते.

गोवर्धन : तू ठरवशीन?

तानुबाई : पोट माहं आहे.

गोवर्धन : अन् त्यायनं पुन्हा काढाच म्हटलं त?

तानुबाई : त कावून, ते इचारीन. पटलं त काढीन. तुमच्या चढवलेल्या भावानं नाही काढनार.

रागिणी : आई, तुझं नाव पुकारलं.

गोवर्धन : चाल, मीबी येतो.

तानुबाई : तुमी बसा इथंच. माह्या चपला पाहा.