महेशच्या गाडीचं ट्यूनिंग

ट्यूनिंगचा विषय काढलात म्हणून सांगतो. माझा धाकटा भाऊ महेश काविळीनं गेला, आणि त्याची लाडकी गाडी माझ्याकडं आली. वेग वाढला की व्हॉल्व्ह उघडायची वेळ आपोआप बदलणारं, नव्या पद्धतीचं जोरदार इंजिन. आमचे वडील, अण्णा, महेशबरोबर त्या गाडीत कधीच बसले नाहीत. "तू लई पळवतो, मला न्हाय यायचं," म्हणायचे. महेश नुसता हसायचा.

परवा गाडी अडखळायला लागली म्हणून नळदुर्गला नेली. मी सावकाश चालवतो, म्हणून अण्णाही आले. मेस्त्रीनं लॅपटॉप जोडला, इंजिनाची जुनी नोंद बघितली आणि म्हणाला, "असली गाडी घेऊन कुणी असं चालवतं व्हय?"

अण्णा लगेच म्हणाले, "सांगत होतो त्याला, पळवू नको म्हणून."

"पळवलीय कुठं, अण्णा? व्हॉल्व्हची वेळ बदलावी एवढा वेग हिनं नवी असल्यापास्नं एकदाबी बघितला न्हाय. बैलगाडीगत चालवलीय. काजळी धरली, म्हणून अडखळतीय."

अण्णा हळूच म्हणाले, "मग म्या बसलो असतो की."